रिकामी खाडी

नारळी पुनवेचा नारळ चांगुणाबाय कुणाला निवडू देत नसे. सुनेने, शुभदाने, सकाळीच लिटिल इंडियात जाऊन सहा नारळ आणले होते. चांगुणाबायने सहाच्या सहा कानाशी धरून हलवले, बोटाच्या पेराने ठोकले आणि पाच बाजूला सारले.

"हे पाच वाटणाला. पाणी कुठाय ह्यांच्यात, नुसती हवा खेळतेय. त्या दुकानदारानं तुला ओळखलंय गो. पुण्याची बाई, म्हणतो, हिला काय कळतंय नारळातलं."

"आई, अठ्ठावीस वर्षं तुमच्या हाताखाली नारळ घेतेय मी."

"म्हणून सहातला एक निघाला. पहिल्या वर्षी एकपण नव्हता."

सोफ्यावर पाय लांब करून बसलेला उद्धव हसला. चांगुणाबायचा धाकटा दीर. सारळपाड्यात गेली चाळीस वर्षं दर्याला पहिला नारळ द्यायचा मान त्याचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून डॉक्टरला दाखवायला पुतण्याकडे सिंगापूरला आला होता, आणि पहिल्यांदाच पुनवेला गावाबाहेर होता. चौदाव्या मजल्यावरच्या त्या गार खोलीत तो सकाळपासून अस्वस्थ होता. टीव्ही लावत होता, बंद करत होता.

"वैनी, इथं नारळ टाकशील कुठं? पाण्यात कचरा टाकला तर दंड करतात म्हणे."

"टाकणार नाही. बुडवायचा, हात जोडायचे, परत घ्यायचा. दर्याला कळतं. तो काय सरकारी माणूस आहे, पावती मागायला?"

असं ती बोलली खरी, पण तिचा हात नारळावर जरा जास्तच वेळ थांबला. मानाचा नारळ म्हटलं की तिला तिचा नवरा आठवे. महादू नाखवा. उद्धवच्या आधी तो मान त्याचा होता, आणि तो मान कसा गेला, हे ह्या घरात कुणी बोलत नसे. उद्धव बोलत नसे उपकार केल्यासारखा. मुलगा विश्वास बोलत नसे लाजेने. आणि चांगुणाबाय का बोलत नव्हती, ते फक्त तिला ठाऊक होतं.

पाच वाजता नात आली. ऋग्वेदा युनिव्हर्सिटीच्या वन-नॉर्थमधल्या केंद्रात काम करायची. चिखलात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पाठीवर चिमूटभर यंत्र बांधायचं आणि ते कुठे जातात ते वर्षभर बघत बसायचं, ह्याला नोकरी म्हणतात हे चांगुणाबायला अजून पटलेलं नव्हतं. तिच्यामागे एक म्हातारी होती. बुटकी, रुंद, गालांची हाडं वर आलेली, पांढऱ्या केसांची वेणी. पायांत जाड बूट, ते तिने सांगायच्या आत दाराशीच काढले.

"आजी, ही ॲग्नेस. अलास्काची. पार वर, जिथे बर्फ असतो ना, तिथली. ग्विचिन लोक म्हणतात त्यांना. आमच्या युनिव्हर्सिटीत बोलायला आलीय. म्हटलं सणाच्या दिवशी हॉटेलात कशाला जेवेल."

"बरं केलंस. बस म्हणावं."

ॲग्नेस बसली नाही. तिने नाक वर केलं, दोनदा वास घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. खिडकीतल्या घट्ट झाकणाच्या बरणीसमोर उभी राहिली. सुके बोंबील. श्रावणात त्या बरणीला कुणी हात लावत नसे, तरी वास काही श्रावण पाळत नाही. म्हातारी झाकणाला नाक लावून हसली आणि भराभर काहीतरी म्हणाली.

"आजी, ती म्हणतेय, आम्ही मांस असंच काठ्यांवर टांगून सुकवतो. कॅरिबूचं. म्हणजे मोठं हरीण."

"माश्या बसत नाहीत?"

"खालून धूर देतात, म्हणतेय."

"हुशार आहे." चांगुणाबायने तिच्या कमरेची मण्यांची पिशवी न विचारता चिमटीत धरली, चोळली, हुंगली. "हे कातडं हातानं कमावलंय. बाजारातलं नव्हे. सांग तिला, आज आमच्यात काही मिळायचं नाही, श्रावण आहे. गोड भात खा. उद्या ये, उद्या दाखवते बोंबील म्हणजे काय ते."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून अशा हसल्या की शुभदाला वाटलं, दोन मच्छीवाल्या बाजारात शेजारी टोपल्या मांडून बसल्यात. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं आणि विश्वास आत आला. सणाचा दिवस म्हणून लवकर आलेला. पाहुणीकडे बघताच त्याचा चेहरा असा झाला, की जणू जाळ्यात मासळीऐवजी साप आलाय.

"ऋग्वेदा, आत ये जरा."

"इथेच बोला ना, बाबा."

"तुला माहितीये ही कोण आहे? परवा आमच्या बँकेच्या दारात फलक घेऊन उभी होती ही. आणि तू हिला माझ्या घरी जेवायला आणलीस? उद्या माझी सही आहे!"

"म्हणूनच आणली," ऋग्वेदा म्हणाली.

चांगुणाबायने गॅस बारीक केला. ह्या पोरीचा कणा कुणाचा, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिला तो स्वतःचाच वाटे. पण लेकाच्या तोंडावरचा घामही तिला दिसला.

"काय सही आहे रं?"

"काही नाही, आई. ऑफिसचं."

"मला ऑफिस कळत नाही, पण सही कळते. सांग."

विश्वास खुर्चीत बसला. पाहुणीसमोर तो कधी मोठ्याने बोलत नसे, म्हणून मराठीत, हळू आवाजात बोलला. एका तेल कंपनीला उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर विहिरी खणायच्या होत्या. बँक त्यांच्यामागे उभी राहणार होती. पैशाचं सगळं दुसरे बघणार. विश्वासकडे एकच पान यायचं. तिथे कुणी राहतं का, कुणाचं पोट त्या जागेवर आहे का, ते तपासून खाली सही करायची.

"आणि आहे का कुणाचं पोट?"

"कंपनीचा अहवाल सगळ्यांसाठी खुला आहे, मी दोनदा वाचलाय. माणूस नाही, गाव नाही, झोपडी नाही. जनावरसुद्धा दिसलं नाही. रिकामी जागा आहे, आई."

"रिकामी नाहीये!" ऋग्वेदा उसळली. "माझे पक्षी उन्हाळ्यात अंडी घालायला कुठे जातात? इथे आपल्या चिखलात येतात ते पाहुणे म्हणून. त्यांचं घर तिकडे वर आहे."

"पक्ष्यांसाठी मी नोकरी सोडू?"

"कुणी सोडा म्हणालं नाही, बाबा! नुसतं नीट वाचा म्हणतेय."

शुभदाने मध्ये हात घातला. "ऋग्वेदा, आवाज खाली. तुझे बाबा बारा वर्षं त्या खुर्चीसाठी झिजलेत. एका माणसाने अडवलं म्हणून काही थांबत नाही, अडवणारा तेवढा बाहेर जातो."

"बरोबर बोलली सूनबाई," उद्धव सोफ्यावरून म्हणाला. त्याला आता रंग चढला होता. "आणि मी विचारतो, आपली खाडी गेली तेव्हा कोण आलं होतं रं विमानात बसून? ह्या बाईची बर्फातली आई आली होती का आपल्यासाठी फलक घेऊन? तेलाची जेट्टी आली, नळ आले, डोलीच्या जाळ्यांचे खुंट उपटले. तेव्हा आपण रडलो तर लोक म्हणाले, खाडी रिकामी म्हणणाऱ्या कागदावर अंगठा कुणाच्या घरचा? नाखव्याच्या घरचा."

"काका, पुरे," विश्वास म्हणाला.

"पुरे कशाला? तुझ्या बापानं न वाचता अंगठा दिला, त्याचं तू पोर. तू वाचून सही करतोयस. कर. आपल्यात एक तरी वाचणारा निघाला."

विश्वासने मान खाली घातली. चांगुणाबायला ते दिसलं, आणि त्याची शाळा आठवली. शाळेत पोरं त्याला 'अंगठेवाल्याचा' म्हणून हाक मारायची. अकरा वर्षांचा होता. त्या वर्षापासून हा पोर कागद खाऊ लागला. किराणाची पुडी आली तरी तिच्यावरचं वाचल्याशिवाय फेकत नसे. आज तो कागद वाचण्यावर जगत होता.

ॲग्नेस इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. शब्द कळत नसले तरी भांडण कुणालाही कळतं. तिने ऋग्वेदाला काही विचारलं.

"ती विचारतेय, तुझे बाबा काय म्हणाले?"

"सांग तिला," विश्वास आता चिडला. "तिच्याच माणसांनी सांगितलंय म्हणावं. अहवालात आहे. 'आम्ही त्या जागी जात नाही, आमच्यातलं कुणीच जात नाही.' गावाच्या वतीनं दिलेला जबाब आहे. खाली नाव आहे."

ऋग्वेदाने सांगितलं. म्हातारीने डोळे मिटले, उघडले आणि छातीवर बोट ठेवलं.

"ती म्हणतेय..." ऋग्वेदाने वडिलांकडे पाहिलं. "म्हणतेय, ते नाव माझं आहे. तो जबाब मी दिलाय."

ॲग्नेस बोलू लागली. सावकाश, एकेक वाक्य, पोरीला सांगायला वेळ देत. त्या किनाऱ्यावर कॅरिबू वितात. दूरदूरच्या डोंगरांतून, बर्फ तुडवत, गाभण माद्या तिथेच येतात, कारण तिथे वारा असतो, डास कमी, लांडगे कमी. सारा कळप तिथे जन्मतो. म्हणून तिथे आम्ही पाऊल ठेवत नाही. माझ्या आजीच्या वेळी दुष्काळ पडला, माणसं मेली, तरी कुणी गेलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणी शिकारीला जातं का? कंपनीचा माणूस आला, त्यानं विचारलं, तुम्ही तिथे जाता का? मी ताठ मानेनं म्हटलं, नाही. आमच्यातलं कुणीच जात नाही. का जात नाही, ते त्यानं विचारलं नाही. मला वाटलं, हे सगळ्या जगाला ठाऊक असेल.

चांगुणाबायच्या हातातली पळी ओट्यावर पडली.

"गॅस बंद कर गो, शुभदा," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन उद्धवसमोर उभी राहिली.

"भावजी, तो अंगठा त्यांचा नव्हता."

"कुणाचा? कुठला?"

"खाडीच्या कागदावरचा. माझा होता."

उद्धवने पाय सोफ्यावरून खाली घेतले. विश्वास उठून उभा राहिला.

"श्रावण होता," ती म्हणाली. "आजच्यासारखाच, पुनवेच्या आधीचा. होड्या सगळ्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या. जाळी माळ्यावर. हे बाजाराला गेलेले. दोन साहेब आले, छत्री धरून. खाडीत बघतात तर एक होडी नाही, एक जाळं नाही. मला विचारलं, बाई, इथं कोण मासे मारतं का? आणि मी..." ती थांबली. तिची मान खाली जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण ती खाली गेली नाही. "मी माज केला. म्हटलं, आमच्यात ह्या दिवसांत खाडीत कोणी उतरत नाही. मासळी गाभोळीची असते, पोटात अंडी असतात. आम्ही काय राक्षस आहोत? पाप लागतं. इतकं बोलले मी त्यांच्याशी, चहा पाजला वर. त्यांनी 'कोणी उतरत नाही' एवढंच लिहिलं आणि म्हणाले, इथं अंगठा दे. मला वाटलं, आमच्या चांगल्या चालीचा दाखला नेतायत. दिला अंगठा. चांगला दाबून दिला."

"मग दादा का म्हणाला, माझा म्हणून?" उद्धवचा आवाज फाटला. "अख्ख्या गावासमोर म्हणाला! मीच थुंकलो होतो त्याच्या पायाशी, वैनी!"

"कागद गावात आला तेव्हा मी दाराआड होते. तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, अंगठा माझा. अंगठ्याला काय तोंड असतं? घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, तू बाजारात बसतेस, तुला रोज माणसांत जायचंय, माझं काय, मी दर्यावर असतो. मग मान गेला. होडी गेली. दर्यापण गेला. नऊ वर्षं जगले त्यानंतर, एकदा शब्द काढला नाही. आणि मी काढू दिला नाही, कारण मला तोंड वर करून चालायचं होतं. तुम्ही म्हणता ना, चांगुणाबायची मान कधी खाली झाली नाही. ती त्यांच्या खांद्यावर होती."

ऋग्वेदा रडत रडत ॲग्नेसच्या कानात सगळं सांगत होती. ती बर्फाकडची म्हातारी पुढे झाली, येऊन चांगुणाबायच्या शेजारी उभी राहिली आणि तिने तिचा हात घट्ट धरला. अंगठ्यासकट.

शुभदा सगळ्यात आधी सावरली. हिशेबनिसाची नजर तिची. रडताना पण तारीख विसरायची नाही. "विश्वास, तो अहवाल काढ. पाहणी कुठल्या महिन्यात केली, ते पान बघ."

विश्वासने मोबाइलवर पानं सरकवली. बराच वेळ सरकवली. मग थांबला.

"नोव्हेंबर."

ऋग्वेदाने ॲग्नेसला सांगितलं. ती फिसकन हसली.

"म्हणतेय, नोव्हेंबरात तिथे देवपण नसतो. माद्या जूनमध्ये वितात."

"मी दोनदा वाचलं," विश्वास पुटपुटला. "दोनदा. तारखेवर नजर गेली, आणि पुढे सरकली." त्याने आईकडे पाहिलं. "पण आई, मी थांबलो तरी दुसरी बँक पुढे येईल. काम थांबणार नाही."

"दुसऱ्या बँकेतल्या पोराला दुसरी आय असेल. ती बघेल त्याचं. तू माझा. तुझ्या बापानं दुसऱ्याचा अंगठा आपला म्हणून घेतला. तू तुझी सही तरी तुझ्या माहितीनं कर."

"नोकरी—"

"मी आहे ना," शुभदा म्हणाली. "माझाही पगार येतोच की ह्या घरात. आणि मगाशी मी बोलले ते बोलले. तेव्हा मला महिना माहीत नव्हता."

उद्धवच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्याला लाज वाटत होती.

सूर्य बुडायच्या आत सगळे वेस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर पोचले. समोर मालाची जहाजं रांगेत उभी. कडेला लहान मुलं सायकली फिरवत होती. चांगुणाबायने नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचली होती, आणि तिच्याशेजारी ॲग्नेसने पँट दुमडली होती. विश्वास जरा लांब उभा राहून बँकेतल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलत होता. वाऱ्याने शब्द इकडे येत होते.

"राजस, उद्याच्या यादीतून ते पान काढ... नाही, पुढे नको ढकलू, काढ. माझी सही नाही. कारण मी लेखी देतो. पाहणी चुकीच्या महिन्यात केलीय, आणि जबाब अर्धा लिहिलाय. जूनमध्ये कळप असताना जा आणि लोकांना 'का' ते विचारा, मग बोलू... हो, माहितीये साहेब काय म्हणतील. मी सकाळी आठला त्यांच्या दारात असेन."

फोन खिशात टाकून तो आला. उद्धवने सवयीने नारळ उचलला होता. चाळीस वर्षांची सवय. पाण्यात दोन पावलं टाकली आणि तो थबकला. मागे वळून त्याने नारळ पुतण्यापुढे धरला.

"घे. मान तुझ्या बापाचा. मी नुसता सांभाळत होतो, आणि तेपण शिव्या देत."

विश्वासने तो घेतला, वजन पाहिलं आणि आईच्या हातात दिला. "अंगठा तुझा होता. हेपण तूच दे."

चांगुणाबायने नको म्हटलं नाही. मानाला नको म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने नारळ दोन्ही हातांनी पाण्याखाली धरला, लाट येऊन जाऊ दिली, अजून एक येऊ दिली. ओठ हलले. कुणाला काय सांगितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मग नारळ बाहेर काढून ॲग्नेसच्या हातात ठेवला.

"तिला सांग, ऋग्वेदा, आता दर्या खुला झाला. आता मासळी धरायला हरकत नाही. त्यांच्याकडे कधी खुलतं?"

"जुलैत, म्हणतेय. पिल्लं आयांच्या मागे धावायला लागली, की मग."

"मग तोवर कुणी पाय ठेवायचा नाही." हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू कंपनीचे लोक मागेच, सायकलवाल्या पोरांच्या रांगेत उभे होते.

परत येताना उद्धव तिच्याशेजारून चालत होता. बराच वेळ खाकरून तो म्हणाला, "वैनी, गावात आता मी काय तोंड दाखवू? लोकांना कसं सांगू, अंगठा कुणाचा होता ते?"

"तू कशाला सांगशील? तुला धड सांगता येणार आहे का? मध्येच रडशील." चांगुणाबायने ओला पदर पिळला. "विश्वास, माझं तिकीट काढ. पुढच्या नारळी पुनवेच्या आधीचं. मंदिरासमोर सगळे जमतात, तिथं उभी राहून सांगणार आहे मी. साहेबांना चहा पाजला तेवढं सोडून सगळं सांगेन."

"ते का सोडायचं, आजी?"

"साखर जास्त घातली होती गो." ती चार पावलं गेली आणि वळली. "आणि भावजी, गावात फोन करून ठेव. सांग, पुढच्या वर्षीचा नारळ कुणी आणायचा नाही. मी येऊन निवडणार आहे."